गढूळ पाण्यातला उजेड

आषाढातला एखादा दिवस निवडा. रात्रभर पाऊस लागून राहिलेला असावा आणि सकाळी जराशी उघडीप मिळालेली असावी. कर्जतच्या पुलावरून उल्हास बघा, नाहीतर खोपोलीहून खालापूरकडे येताना पाताळगंगा. नदीला पूर असेल तर काठाशी जाऊ नका, पुलावरूनच बघा. पाणी तांबूस, मातकट असेल. घाई न करता त्या रंगाकडे बघत राहा. हा रंग पाण्याचा नाही, पाण्यातून जे वाहत चाललंय त्याचा आहे. ते काल रात्रीपर्यंत कुठल्या तरी उतारावर जमीन म्हणून पडून होतं.

आज या मातीसोबत जायचं आहे. ती जिथे थांबेल तिथे थांबायचं आणि शेवटी समुद्रातल्या प्रवाळापाशी पोचायचं. कर्जत-खालापुरातल्या माणसाला प्रवाळ दूरचं वाटणार, हे मला कळतं. इथे डोळ्यांपुढे डोंगर असतात. समुद्राची आठवण होते ती माथेरानच्या एखाद्या पॉइंटवरून रात्री मुंबईचे दिवे दिसले की तेवढीच. पण पाण्याला हे अंतर ठाऊक नसतं. ते रोज तिकडेच निघालेलं असतं.

एक काम करा. घराजवळच्या ओहोळाचं पाणी काचेच्या पेल्यात भरून घ्या. पेला हलणार नाही अशा जागी, उजेडासमोर ठेवा आणि समोर बसा.

पहिल्या काही सेकंदांतच तळाशी रेव बसेल. बारीक वाळूच्या कणाला बोटभर खोल उतरायला दहाएक सेकंद पुरतात. मग पोयटा उतरू लागेल. त्याला काही मिनिटं लागतील, कधी तासभर. तेवढ्या वेळात पाण्याचा वरचा भाग किंचित उजळल्यासारखा वाटेल. पण पेल्यामागे वर्तमानपत्र धरलंत तर अक्षरं अजून वाचता यायची नाहीत. जे राहिलं आहे ते चिकणमातीचे कण आहेत. मिलिमीटरचे पाचशे किंवा हजार भाग केले तर त्यातला एक भाग, एवढे लहान. ते बसायला रात्र जाईल, कदाचित पुढचा दिवसही. या पेल्यात पाणी स्थिर आहे. नदीत ते कधीच स्थिर नसतं, म्हणून हे कण नदीत बसतच नाहीत. रेव पुलाखाली राहते, पोयटा पुराच्या पाण्यातून शेतात पसरतो, आणि ही सगळ्यात बारीक माती खाडीपर्यंत जाते. पुढचा सगळा विचार तिचाच आहे.

पेला तसाच राहू द्या. तोवर ही माती आली कुठून ते पाहू.

डोळे मिटून वर जा. माथेरानच्या माथ्यावर लाल जांभ्याची माती आहे, खाली सगळा काळा कातळ. हजारो वर्षं पाऊस या कातळाला झिजवतो आहे आणि त्याची चिकणमाती करतो आहे. ही झीज थांबवायची कुणाला गरज नाही. तिच्यातूनच खाली कर्जतची खाचरं भरली. तेव्हा गाळाला आधीच गुन्हेगार ठरवू नका. पावसाळ्याचे ढग फुटून पहिलं लाल पाणी ओढ्यांना आलं की चढणीचे मासे त्याच पाण्याच्या वासावर उलटे वर निघतात. वलगणीची वाट बघणाऱ्या माणसांना हे सांगायला नको. त्या माशांना गढूळ पाणी म्हणजे आमंत्रण आहे.

आता एका खाचरात उतरा. लावणीच्या आधीची चिखलणी चालू आहे. शेतकरी स्वतः माती आणि पाणी एकजीव करतो आहे. पेल्यात दिसलेल्या पाण्याहून कितीतरी गढूळ पाणी तो मुद्दाम तयार करतो आहे. पण चारही बाजूंनी बांध आहे. वरच्या खाचरातून पाणी खालच्या खाचरात उतरतं, तिथे पसरतं, थबकतं, आणि थबकलं की हातातली माती खाली ठेवतं. तिथून पुढच्या खाचरात, पुन्हा तेच. डोंगराच्या पायथ्यापासून नदीपर्यंत अशी दहा-वीस खाचरं उतरून आलेलं पाणी शेवटच्या बांधावरून पडतं तेव्हा बरंच हलकं झालेलं असतं. भाताच्या पिकाचं मोल सगळे करतात. या बांधांनी पिढ्यानपिढ्या अडवून ठेवलेल्या मातीचं मोल मात्र कुणी केलेलं मी पाहिलं नाही. वैशाखात घरचे लोक फावडं घेऊन खांडी बुजवतात, बांधाला माती लावतात, त्या कामाचा एक धागा समुद्राच्या तळापर्यंत गेलेला आहे. तो धागा मनात धरा. त्याच्यावर पुन्हा येऊ.

त्याच डोंगराच्या दुसऱ्या उतारावर नजर टाका. काल तिथे वरकस जमीन होती, कारवी होती, गवत होतं. आज प्लॉट पाडले आहेत. एप्रिल-मे महिन्यात जेसीबी लावून उतार कापला, लाल रस्ता वर नेला, निघालेला मुरूम कडेवरून खाली ढकलून दिला, आणि मृगाचा पाऊस येईपर्यंत सगळं उघडं राहिलं. घर बांधू नये असं मला म्हणायचं नाही. माणसांना डोंगराजवळ राहावंसं वाटतं, त्यात वावगं काहीच नाही. पण कापलेला उतार उघडा ठेवून पावसाला सामोरा करणं ही टाळता येणारी गोष्ट आहे, आणि टाळता येणारी असूनही ती दरवर्षी होते, म्हणून ती मला फार लागते. झाडाखालच्या जमिनीवर थेंब आधी पानावर पडतो, मग पाचोळ्यावर, मग मुरतो. उघड्या मुरमावर तो थेट आदळतो, कण उडवतो आणि सोबत घेऊन जातो. इथे खाचर नाही, बांध नाही. रस्त्याकडेच्या गटारातून पाणी एका दमात ओढ्याला मिळतं.

इथे थोडं थांबावं लागेल, कारण खालापूर तालुक्यात मातीविषयी बोलताना इर्शाळवाडी ओलांडून पुढे जाता येत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतल्या या आदिवासी वाडीवर डोंगराचा भाग कोसळला. २७ मृतदेह सापडले. ५७ माणसं सापडलीच नाहीत आणि काही दिवसांनी शोध थांबवावा लागला. पायवाटेनेच पोचता येणारी जागा, वर सतत पाऊस, खाली चिखल. यंत्रं वर नेता येत नव्हती, माणसांनी हातांनी माती उपसली. दरड कोसळणं आणि पाणी गढूळ होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची कारणंही वेगळी असतात. तरी सैल झालेल्या मातीचा भार सर्वांत आधी डोंगराजवळच्या माणसांवर पडतो. प्रवाळाची काळजी करायची तर ती या माणसांना वगळून करता येणार नाही. दोन श्वास त्यांच्यासाठी घ्या, मग पुढे जाऊ.

नदी. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती, ते पाणी याच उल्हासचं. ती छायाचित्रं आठवा. गाडीच्या दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत तपकिरी पाणी. त्यातला प्रत्येक कण कुठल्या तरी उतारावरून आला होता. आणि हीच उल्हास मार्चमध्ये बघा. भिवपुरीच्या टाटांच्या वीजघरातून सोडलेलं पाणी तिच्यात येत असतं. हे वीजघर १९२२ पासून चालू आहे. घाटावरच्या, भीमेच्या खोऱ्यातलं पाणी धरणात अडवून इकडे खाली आणलं जातं. वाहून गेलं असतं तर ते बंगालच्या उपसागराला मिळालं असतं. धरणातल्या संथ पाण्यात गाळ मागे राहतो आणि खाली नितळ पाणी येतं. त्याच पाण्यावर राजनाल्याच्या काठची शेतं उन्हाळी भात घेतात. एकच नदी, चार महिन्यांच्या अंतराने दोन रंगांची. नदीचा स्वभाव गढूळ असतो असं म्हणताना हे आठवावं.

कल्याणच्या पुढे उल्हासची खाडी होते. बरंचसं पाणी वसईच्या खाडीने समुद्राला मिळतं, एक अरुंद फाटा ठाण्याच्या खाडीकडे जातो. पाताळगंगा धरमतरच्या खाडीत उतरते, तिथे अंबाही येते, आणि मग रेवसजवळून मुंबई बंदराच्या तोंडाशी.

आता पेल्याकडे वळा. वरचं पाणी अजून धुरकट असेल. त्यात चमचाभर मीठ टाका, हलकेच ढवळा आणि पुन्हा सोडून द्या. काही वेळाने कण एकमेकांना चिकटून बारीक पुंजके झालेले दिसतील आणि ते खाली बसू लागतील. घरोघरी पावसाळ्यात पिण्याच्या पाण्यात तुरटी फिरवायचे, त्यातलंच हे. गोड्या पाण्यात मातीचे कण एकमेकांना दूर सारत असतात. खारं पाणी भेटलं की हे दूर सारणं संपतं. म्हणून खाडीच्या मुखाशी, जिथे दोन पाणी भेटतात, तिथे चिखल साठतो. खाजणं तयार होतात, तिवरं रुजतात, आणि तिवरांच्या मुळांच्या गर्दीत पाणी मंदावून आणखी चिखल बसतो. डोंगरात जे काम खाचराचा बांध करतो ते इथे तिवरं करतात. वर बांध सुटले आणि खाली तिवरं तुटली की मधे अडवणारं कुणी उरत नाही.

जे कण इथेही बसत नाहीत ते बाहेर समुद्रात जातात. तिथे कुठला कण उल्हासचा, कुठला पाताळगंगेचा, कुठला उत्तरेकडून आलेला, हे वेगळं काढता येत नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या भरतीच्या दिवशी पाणी साडेचार-पाच मीटर चढतं. उधाणाचा जोर तळाचा चिखल पुन्हा वर उचलतो. भांगाच्या, म्हणजे मंद भरतीच्या, दिवसांत पाणी थोडं निवळतं, हे कोळ्यांना पिढ्यानपिढ्या माहीत आहे. तेव्हा समुद्रात गेलेला गाळ एकदाच त्रास देऊन संपत नाही. एकच कण महिन्यातून दोन उधाणांना, वर्षानुवर्षं, पुन्हा पुन्हा पाण्यात उभा राहतो.

आता वरळीच्या किंवा हाजीअलीच्या खडकांवर या. ओहोटी लागली आहे. खडकातल्या एका डबक्यात घोटाभर पाणी उरलं आहे. वाकून बघा. खडकाला चिकटलेला करड्या-तपकिरी रंगाचा, तळहाताएवढा एक सपाट गोळा दिसेल. त्याच्यावर बारीक बारीक खळगे आहेत, एकाला एक लागून. हे प्रवाळ आहे. मुंबईत, सांडपाण्याच्या आणि रहदारीच्या शेजारी, जिवंत. २०२० मध्ये कोस्टल रोडच्या कामासाठी इथल्या प्रवाळाच्या काही वसाहती राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मार्गदर्शनाखाली खडकासकट उचलून दुसरीकडे बसवल्या गेल्या, कारण वन्यजीव संरक्षण कायद्यात दगडी प्रवाळाला वाघाच्याच पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. अनेक मुंबईकरांना आपल्या किनाऱ्यावर प्रवाळ आहे हे तेव्हा पहिल्यांदा कळलं.

एका खळग्यावर लक्ष ठेवा. तो एक जीव आहे. एवढ्याशा मांसल पेशींच्या आत त्याहूनही लहान शैवाल राहतं. उजेड पडला की शैवाल साखर तयार करतं आणि तिचा मोठा हिस्सा यजमानाला देतं. त्या बळावर प्रवाळ पाण्यातला चुना घेऊन खाली दगड रचत जातं. म्हणजे उजेड हेच त्याचं मुख्य अन्न.

आता पाणी चढू द्या. भरतीसोबत गढूळपणा येतो. वरून उजेड तेवढाच पडतो आहे, पण कण त्याला वाटेतच अडवतात. खाली मंद, हिरवट उजेड उरतो. साखर कमी होते. त्याच वेळी कण खळग्यावर येऊन बसू लागतात. प्रवाळाला उठून जाता येत नाही, झटकायला हातही नाहीत. ते अंग फुगवतं. त्याच्या त्वचेवरचे सूक्ष्म केस एका लयीत हलत कण कडेला सारतात. मग ते बुळबुळीत स्राव सोडतं, कण त्यात अडकतात, आणि लाट आली की तो पापुद्रा वाहून जातो. हा स्राव ज्यापासून बनतो ती तीच साखर आहे, जी आज कमी मिळाली. एकीकडून मिळकत घटते, त्याच घटकेला खर्च वाढतो. एक भरती, एक दिवस, एक आठवडा हे निभतं. त्यापुढे वाढ थांबते, अंडी धरण्याचं बळ उरत नाही. थर जाड झाला की त्याखाली प्राणवायू संपतो, जिवाणू वाढतात आणि एकेका डागात पेशी मरतात. वाळूपेक्षा बारीक, सेंद्रिय कुजकट माती जास्त घातक ठरते ती याच कारणाने. पेल्यात सर्वांत शेवटी राहिलेली माती ती हीच.

मोठं प्रवाळ कसंबसं तग धरतं. नव्या पिढीची अडचण वेगळी. प्रवाळाचं पोर काही दिवस पाण्यात तरंगतं आणि मग रुजायला कठीण, स्वच्छ जागा शोधतं. खडकावर बोट फिरवलं तर बोटाला लागेल न लागेल एवढा मातीचा थर असला तरी त्याला तिथे पाय रोवता येत नाही. जुन्या वसाहती जिवंत दिसतात, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटत राहतं, पण त्यांच्या शेजारी नवं काहीच रुजत नसतं. हा भाग मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो, कारण हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही.

इथे टिकलेली प्रवाळं मुळातच चिवट जातींची आहेत. सपाट, बुटकी, हळू वाढणारी. आपल्या किनाऱ्यावर लक्षद्वीपसारखे प्रवाळांचे बांध का नाहीत याचं एक मोठं कारण पावसाळ्यातल्या नद्यांचं गोडं, गढूळ पाणी हेच आहे, आणि ते कुणाही माणसाच्या आधीपासून आहे. शिवाय पाणी तापून प्रवाळ पांढरं पडू लागतं तेव्हा थोडा गढूळपणा उन्हापासून आडोसाही देतो, असंही काही ठिकाणी आढळलं आहे. म्हणून ‘गाळ वाईट’ एवढ्यावर थांबून भागत नाही. जुनी प्रवाळं जुन्या गाळाशी जुळवून घेत आली. आपण त्यात नव्याने किती आणि किती वेगाने भर घालतो, हे मनात धरायचं.

तुलनेसाठी क्षणभर लांब जा. विजयदुर्गापासून शंभराहून अधिक किलोमीटर समुद्रात, पाण्याखाली एक पठार आहे. त्याला अंग्रिया बँक म्हणतात, कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून. आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या अलिबागेतून ज्यांनी समुद्र सांभाळला, त्यांचं नाव. त्या पठाराचा माथाही पाण्याच्या वीसेक मीटर खाली आहे, आणि तरी तिथे प्रवाळ भरघोस आहे. वरळीचं प्रवाळ उजेडासाठी घोटाभर पाण्यात राहतं आणि अंग्रियाचं सहा-सात मजले खोल. वरचा सूर्य तोच आहे. तिथवर कुठल्या नदीची माती पोचत नाही, हा मोठा फरक. दोन्ही चित्रं शेजारी ठेवा आणि थोडा वेळ तशीच राहू द्या.

किती भर पडली हे प्रवाळ स्वतःच सांगतं, याचं एक उदाहरण ऑस्ट्रेलियात आहे. ग्रेट बॅरिअर रीफवर बर्डेकिन नदीच्या मुखापासून पुढे असलेल्या जुन्या प्रवाळांचे गाभे शास्त्रज्ञांनी कापून काढले. प्रवाळ वर्षागणिक थर चढवतं आणि नदीच्या मातीसोबत आलेला बेरियम त्या थरात बंद होतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं की युरोपीय वसाहतवाले तिथल्या माळांवर गुरंमेंढरं चारू लागल्यावर, साधारण १८७० नंतर, पुरासोबत येणारा गाळ पाच ते दहा पटींनी वाढला. चरून उघडी पडलेली जमीन समुद्रापासून कितीतरी आत होती. तिथल्या गुराख्यांना प्रवाळ दिसत नव्हतं, जसं ते कर्जतच्या माणसाला दिसत नाही. नोंद मात्र होत राहिली.

आता मघाचा धागा पुन्हा हातात घ्या. वैशाखातला बांध, फावड्याने लावलेली माती. तिथून सुरुवात करून तुमच्या ओळखीच्या एका उताराचा विचार करा. तो तुमचा असेल, शेजाऱ्याचा असेल, रोज गाडीतून दिसणारा असेल. पहिल्या पावसाचं पाणी त्याच्यावरून कुठे उतरेल? कुठल्या ओहोळाला? तो ओहोळ पेज नदीला मिळतो की चिल्हारला, की थेट उल्हासला? की मोरबे धरणात, ज्याचं पाणी नवी मुंबई पिते? की पाताळगंगेला? नावं माहीत नसतील तर गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, त्याला प्रत्येक ओढ्याचं नाव ठाऊक असतं. ही साखळी एकदा तोंडाने म्हणून बघा, उतारापासून खाडीपर्यंत.

मग मे महिन्याच्या शेवटी तिथे जाऊन या. कुठे माती उघडी आहे ते बघा. मुरमाच्या ढिगाला पायथ्याशी दगडांची ओळ लावायची राहिली असेल. कापलेल्या कडेवर वाळ्याचे ठोंब लावता येतील, ते पावसाच्या तोंडावर लावले की धरतात. गटाराचं पाणी ओढ्याला सोडण्याआधी त्याला थबकायला एखादा खड्डा खोदता येईल. आणि जुन्या खाचराचा बांध फुटलेला असेल, ते शेत आता कुणी कसत नसलं तरी, खांड बुजवायला दोन माणसं आणि एक सकाळ पुरते.